दोन पिढ्या, एक काम

म्हातारी माणसे आणि तरुण माणसे एका छपराखाली राहतात, म्हणून ती एकमेकांच्या सहवासात राहतात, असे समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी फार लांब जायला नको. आमच्या दहिवलीचेच उदाहरण घ्या. उल्हास नदीच्या काठचे हे गाव, आज कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. कर्जत स्टेशनापासून मुंबईचे टोक सुमारे १०० किलोमीटर. लोकलने जायला दोन तास आणि वर काही मिनिटे, यायलाही तितकीच. नोकरदार माणूस पहाटे अंधारात घर सोडतो आणि रात्री जेवणवेळ टळल्यावर घरी येतो. नातवंडे सकाळी शाळेत, दुपारी शिकवणीला. दिवसभर घर राखतात ती आजी आणि आजोबा. रात्री सगळी एकत्र येतात खरी, पण थकून आलेली. कोणी टीव्हीपुढे बसतो, कोणी मोबाइलमध्ये डोके घालतो. छप्पर एक, चूल एक. पण म्हाताऱ्याने तरुणाशी आणि तरुणाने म्हाताऱ्याशी मनापासून बोललेली वाक्ये मोजली, तर दोन्ही हातांची बोटे पुरून उरतील.

ह्याला कोणी ‘संस्कार कमी पडले’ असे म्हणतात, कोणी मोबाइलला दोष देतात. आम्ही तीसएक वर्षे कामगार संघटनेच्या कामात घालवली आहेत. शाळेतले शिक्षण आमच्या वाट्याला बेताचेच आले. जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि रात्री कंदिलाएवढ्या दिव्याखाली वाचलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे ह्या प्रश्नाकडे आम्ही घरगुती तक्रार म्हणून पाहत नाही. कामाच्या बाजूने पाहतो. आणि त्या बाजूने पाहिले म्हणजे एक गोष्ट स्वच्छ दिसते. दोन पिढ्या पूर्वी एकत्र होत्या, कारण त्यांचे काम एक होते. काम वेगळे झाले, तेव्हा माणसे वेगळी झाली. त्यांना पुन्हा जोडायचे असेल तर दोघांना मिळून करण्यासारखे, आणि दोघांवाचून न होण्यासारखे, काम हाती घेतले पाहिजे. एवढेच आमचे म्हणणे आहे. पुढे त्याचा थोडा विस्तार करतो.

पूर्वीचे एकत्रपण

आपल्या भागातील भातशेती घ्या. पावसाआधी राब भाजायचा. शेण, पालापाचोळा, झाडांच्या कवळ्या किती जाडीने पसरायच्या, वारा कोणत्या बाजूने असताना आग लावायची, हे म्हाताऱ्याने सांगायचे आणि तरुणाने करायचे. भाजणी कच्ची राहिली तर रोपात तण माजते, हे म्हाताऱ्याने पूर्वी भोगलेले असते. पुढे आवणीच्या दिवसांत एका घराची माणसे दुसऱ्याच्या शेतात सावडीने जात. पोरे रोपांच्या जुड्या वाहत, बाया वाकून लावत, चिखलणीला तरणे गडी, आणि बांधावर बसलेले आबा कोणत्या खाचरात पाणी सोडायचे ते सांगत. त्यात कोणी कोणाला ‘वेळ देत’ नव्हता. काम चालले होते आणि कामाबरोबर बोलणे चालले होते.

कारखान्यातही तेच. नवशिका पोरगा जुन्या फिटरच्या हाताखाली दिला जाई. तो पहिले सहा महिने पाने पुसायचा, चहा आणायचा. पण त्याचे कान उघडे असत. यंत्राच्या आवाजावरून बेअरिंग बिघडते आहे हे कसे ओळखायचे, ते कोणत्याही पुस्तकात नसते. ते एका कानातून दुसऱ्या कानात जाते. गिरणगावात कोकणातून नवा आलेला पोरगा गावच्या मंडळाच्या खोलीत उतरे. तिथे वडीलधारी माणसे त्याला गिरणीत लावून देत, पगार गावी पाठवायला शिकवत, आणि संध्याकाळी भजनात टाळ हाती देऊन मागच्या रांगेत उभा करत.

आमच्या कर्जतकरांना ह्यासाठी दूरचा दृष्टान्त नको. बोरघाटाची चढण ३७ फुटांना १ फूट अशी उभी. १८६३ साली हा घाट रेल्वेने चढू लागली. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात आणि ती गाडीला वर ढकलतात, हे पाहत आपण लहानाचे मोठे झालो. पुढचे इंजिन ओढते, मागचे रेटते. दोघांनी एका लयीत चालायचे. मागच्याने उगाच जोर केला तर डबे एकमेकांवर आदळतील, आणि मागचे सुटले तर पुढच्याच्याने घाट चढवणार नाही. दोन पिढ्यांचे नाते असेच असावे.

पण जुन्या एकत्रपणाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. त्या एकत्रपणाला आज्ञेचा पाया होता. सुनेला तोंड वर करून बोलण्याची सोय नव्हती. धाकट्याने विचारलेला प्रश्न उद्धटपणात जमा होई. उस्ताद शिकवी, तसा वेळप्रसंगी थोबाडीतही देई. कातकरी आणि ठाकूर समाजातील माणूस बांधावर राबायला चाले, ओटीवर बसायला चालत नसे. असले एकत्रपण परत आणायचे असेल तर तरुण मुलेमुली त्याला नकार देतील, आणि तो नकार योग्य ठरेल. आपल्याला काम सामायिक हवे आहे. हुकूम नको आहे.

फाटाफूट कशी झाली

ही फाटाफूट कोणी मुद्दाम केलेली नाही. नव्या व्यवस्थेने माणसांची वयाप्रमाणे वाटणी केली. पाच वर्षांची मुले एका खोलीत, सहा वर्षांची दुसऱ्या खोलीत. पुढे कॉलेज, तेही समवयस्कांचे. मग नोकरी. आणि ५८ किंवा ६० वर्षे झाली की एका संध्याकाळी हार, नारळ, घड्याळ देऊन माणसाला फाटकाबाहेर पोचवायचे. दुसऱ्या दिवशी तोच माणूस फाटकावर आला तर रखवालदार त्याला ओळखत असूनही आत सोडू शकत नाही. खोपोलीच्या बाजूच्या एका कारखान्यात आमच्या डोळ्यांदेखत असे घडले आहे. तीस वर्षे एकच यंत्र सांभाळलेला फिटर सेवामुक्त झाला आणि आत कंत्राटावर आलेली पोरे यंत्र बंद पडल्यावर छापील पुस्तक चाळत बसली. शिकवणारा फाटकाबाहेर, शिकणारे फाटकाच्या आत, आणि मध्ये फक्त एक लोखंडी दांडा.

निवृत्तीने माणसाचा पगार थांबतो, हे सगळ्यांना दिसते. पण त्याबरोबर त्याची माणसेही थांबतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पाळीच्या वेळेला भेटणारे वीस-पंचवीस जण, त्यांतले निम्मे त्याच्याहून लहान, त्याला ‘मामा’ म्हणणारे, त्याची थट्टा करणारे. ते सगळे एका दिवसात नाहीसे होतात. उरतात ते पारावरचे समवयस्क आणि दुखण्यांच्या गप्पा.

हा प्रश्न थोडक्या माणसांचा नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे देशात १० कोटींच्या वर, म्हणजे शेकडा ८.६ होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण शेकडा ९.९ होते, आणि ते वाढत जाणारे आहे. २००७ साली आपल्याकडे आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. मुलगा पोसत नसेल तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवता येतो. कायदा चांगला आहे आणि गरजूने त्याचा उपयोग जरूर करावा. पण कायदा पैसे मिळवून देऊ शकतो. नातवाला आजोबांशेजारी बसवू शकत नाही.

सत्कार आणि सहकार्य

मग आपण काय करतो? १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन पाळतो. शाळेतली मुले रांगेत बसवतो, व्यासपीठावर वृद्धांना बसवतो, शाल आणि श्रीफळ देतो. एक वक्ता वृद्धांना ‘अनुभवाचे भांडार’ म्हणतो, दुसरा मुलांना ‘उद्याचे नागरिक’ म्हणतो. मुले टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. भांडाराला कुलूप तसेच राहते. हेतू चांगला असतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण सत्कारात एकजण वर असतो आणि दुसरा खाली. एक बोलतो, दुसऱ्याने ऐकायचे. अशा भेटीतून ओळख वाढत नाही.

ह्याचे कारण एका परदेशी विद्वानाने फार सोप्या रीतीने सांगून ठेवले आहे. गॉर्डन ऑलपोर्ट हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. गोऱ्या आणि काळ्या लोकांतला दुजाभाव कशाने कमी होतो, ह्याचा विचार त्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. नुसते एकमेकांजवळ येण्याने पूर्वग्रह जात नाही, उलट कधी कधी वाढतो, असे त्यांचे म्हणणे. तो जायचा असेल तर चार गोष्टी लागतात. पहिली, त्या जागेपुरते दोघे बरोबरीचे असावेत. दुसरी, दोघांचे उद्दिष्ट एक असावे. तिसरी, ते गाठण्यासाठी एकमेकांची मदत लागावी, चढाओढ नसावी. आणि चौथी, ज्या संस्थेच्या छायेत हे घडते तिचा ह्याला उघड पाठिंबा असावा.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमची युनियनच आठवली. वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या भाषांचे, वेगवेगळ्या वयांचे कामगार उपदेशाने कधी एक झाले नाहीत. मागणीपत्रक लिहायला बसले, वर्गणी मोजायला बसले, फाटकावर रात्रपाळीला बसले, तेव्हा एक झाले. तरुणाच्या आणि वृद्धाच्या बाबतीत हाच नियम लागू पडावा ह्यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वयावरून होणाऱ्या भेदभावावर अहवाल काढला. त्यात तीन उपाय सांगितले: कायदा, शिक्षण आणि पिढ्यापिढ्यांतला प्रत्यक्ष संपर्क. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि तो गावाच्या हातात आहे.

करून दाखवलेली कामे

आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस आजीबाई, गुलाबी लुगडी हा गणवेश, खांद्याला दप्तर, हाती पाटी, आणि दुपारचे दोन तास शाळा. शिकवणारी बाई गावातलीच एक सून. ह्या शाळेची छायाचित्रे देशोदेशी छापून आली. लोकांनी गुलाबी लुगड्यांचे कौतुक केले. आमच्या मते कौतुक करण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. घरी गेल्यावर आजीचा अभ्यास घ्यायला नातवंडे बसत. जिने सून म्हणून सासूपुढे मान खाली घालायची, तिने फळ्यापुढे उभे राहून सासूला अक्षर दुरुस्त करून दाखवायचे. आजीला सही करायची होती, पोथी स्वतः वाचायची होती. नातवाला आजीपेक्षा जास्त येते ह्याचा आनंद होता. ऑलपोर्टच्या चारही अटी एका पाटीवर मावल्या, आणि त्या गावाने ऑलपोर्टचे नाव ऐकले असण्याची गरज पडली नाही.

हे महाराष्ट्राला अगदी नवीनही नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली माणसे रात्री देवळात, चावडीत, शाळेत प्रौढांना अक्षरओळख करून देत. सारे गाव साक्षर झाले की समारंभ होई. पुढे मोहीम राज्यभर गेली आणि १९७२ साली युनेस्कोने तिचा गौरव केला. तिचे बळ हेच होते की साक्षरता ही एकट्या माणसाची उणीव न मानता गावाचे काम मानले गेले.

कामगारांच्या बाबतीत नाटकाचे उदाहरण देतो. १९५३ साली मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळाने कामगार कल्याण केंद्रे चालवली आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरवल्या. नाटकाची तालीम ही पिढ्या जोडणारी फार उत्तम जागा आहे. म्हाताऱ्याची भूमिका तरुणाने दाढी लावून केली तर ती खोटी दिसते. तिथे खरा म्हातारा लागतो. पाठांतरात म्हातारा अडखळला की तरुण प्रॉम्प्टर त्याला सांभाळतो. तरुणाचे शब्द तुटके आले की म्हातारा त्याला दम कुठे घ्यायचा ते दाखवतो. आणि पडदा वर गेल्यावर दोघांची अब्रू एकाच तराजूत असते.

परदेशांतही असेच शोध चालले आहेत. हॉलंडमधील डेव्हेंटर गावच्या एका वृद्धाश्रमाने २०१२ च्या सुमारास कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना भाडे न घेता खोल्या दिल्या. अट एवढीच, की महिन्याला ३० तास चांगल्या शेजाऱ्यासारखे वागायचे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात साठी उलटलेली माणसे प्राथमिक शाळांत जाऊन मुलांना वाचायला मदत करू लागली. आठवड्याला पंधरा तास, एका शाळेत एकटा न जाता अनेकांची तुकडी, आणि खर्चापुरते मानधन. ह्यात आम्हांला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात: तासांचा नेम, आणि तुकडी. एकटा म्हातारा शाळेत गेला तर पाहुणा ठरतो. सहाजण गेले तर ती शाळेची माणसे होतात.

आपल्याकडे काय करता येईल

आता दहिवली, कर्जत आणि खालापूरच्या परिसराकडे वळू. इथे हाताशी काय आहे ते पाहा.

पहिले, रानातले आणि शेतातले ज्ञान. पावसाळा तोंडावर आला की ठाकूर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बाजारात बसतात. त्यांत शेवळी असतात. शेवळाची भाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो; तिच्यात काकडे घालावी लागतात, हे जाणती बाई विकतानाच सांगते आणि सोबत काकडेही देते. टाकळा, कुर्डू, भारंगी ह्यांची कोवळीक कधी ओळखावी, कोणते पान हुबेहूब दिसते पण खायचे नाही, हे ज्ञान पन्नाशीच्या पुढच्या बायांपाशी आहे. त्यांच्या नाती शाळेत गेल्या, हे चांगले झाले. पण शाळेत हा विषय नाही. शाळेतल्या मुलामुलींनी ह्या बायांबरोबर रानात जावे, भाजी ओळखावी, तिचे चित्र काढावे, नाव, हंगाम, शिजवण्याची रीत लिहून काढावी. वही मुलांची, विद्या आजीची, आणि वहीवर दोघींची नावे. भाताचेही तसेच. कर्जतला भात संशोधन केंद्र १९१९ पासून आहे आणि त्याने दिलेल्या सुधारलेल्या जाती ‘कर्जत’ हेच नाव घेऊन दूरवर पोचल्या आहेत. त्या जातींची माहिती छापलेली मिळते. जुन्या वाणांची माहिती मात्र म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यात असते, आणि डोके गेले की तीही जाते.

दुसरे, आठवणी. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने ह्याच मुलखात विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. तो काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता जवळजवळ राहिली नाहीत. पण ज्यांनी त्यांच्या तोंडून तो ऐकला ती आहेत. त्यानंतरच्याही गोष्टी आहेत: संयुक्त महाराष्ट्राचा लढा, १९७२ चा दुष्काळ, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप आणि त्यानंतर मुंबई सोडून गावी परतलेली माणसे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडचा इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने आणला. तसे काम तालुक्यात व्हायला मोठा विद्वान लागत नाही. हल्ली प्रत्येक तरुणाच्या खिशात आवाज मुद्रित करणारे यंत्र आहे. त्याने प्रश्न विचारावेत, मुद्रण करावे, लिहून काढावे, आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. हे वाचून दाखवणे टाळू नये. त्या वेळी म्हातारा म्हणतो, ‘हे असे नव्हते,’ आणि खरे बोलणे तिथून पुढे सुरू होते.

तिसरे, हाताचे काम. निवृत्त फिटर, वायरमन, सुतार, शिंपी गावोगाव आहेत. रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत एक दुरुस्तीचा अड्डा बसवावा. लोकांनी बंद पडलेले पंखे, मिक्सर, सायकली, तुटलेल्या खुर्च्या आणाव्यात. म्हाताऱ्याने सांगावे, पोरांनी उघडावे. म्हाताऱ्याची नजर कमी झालेली असते, पोराच्या हाताला सवय नसते. दोघे मिळून एक चांगला कारागीर होतो. मुलींना ह्यातून वगळू नये.

चौथे, मोबाइल. इथे पारडे उलटे आहे. शिकवणारा तरुण, शिकणारा वृद्ध. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने घरबसल्या देण्याची सोय झाली आहे. बँकेचे निरोप, गाडीचे आरक्षण, फसवणुकीचे फोन, सगळे मोबाइलवरच येते. बहुतेक घरांत नातू फोन हिसकावून घेतो, दोन बोटांत काम करतो आणि फोन परत देतो. आजोबा होते तिथेच राहतात. तेव्हा नियम असा असावा की तरुणाने फोनला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचे आणि म्हाताऱ्याच्या बोटाने होऊ द्यायचे. वेळ चौपट लागेल. पण ह्या चौपट वेळातच ओळख होते, आणि कधी ना कधी आजोबाही नातवाला काही सांगून जातात.

आणि पाचवे, जे आधीच चालू आहे त्याला बळ द्यावे. भजनी मंडळात बुवा साठीचे असतात, पखवाजावर चाळिशीचा माणूस असतो, मागे टाळ घेऊन बारा वर्षांचा मुलगा उभा असतो. कबड्डीच्या मैदानावर जुना खेळाडू रेषेवर उभा राहून पोरांना पाय कुठे टाकायचा ते ओरडून सांगतो. ह्या जागा कोणी योजना आखून काढलेल्या नाहीत, आणि त्या शंभर वर्षे टिकाव धरतात. कारण तिथे चूक झाली तर ती सगळ्यांना ऐकू येते, आणि साधले तर आनंदही सगळ्यांचा असतो.

काही इशारे

हे सर्व सांगताना कामगारांचा माणूस म्हणून काही गोष्टी स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट: सहवास हा निवृत्तिवेतनाला पर्याय नव्हे. खाजगी कारखान्यांतल्या कामगारांसाठी १९९५ ची निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यात २०१४ साली किमान वेतन ठरले ते महिना १,००० रुपये. निराधार वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ साली वाढून १,५०० रुपये झाले. एवढ्या पैशात औषध आणायचे की भाजी, ह्या विवंचनेत असलेल्या माणसाला आपण ‘मुलांना गोष्टी सांगायला या’ म्हणून बोलावतो, तेव्हा त्याच्या रिक्षाभाड्याचा विचार आधी करावा. वेतनाचा लढा आणि सहवासाचे काम ही दोन्ही चालली पाहिजेत. एकाच्या नावाखाली दुसरे बंद पडता कामा नये.

दुसरी गोष्ट: आजी म्हणजे फुकटची बालवाडी नव्हे. सून आणि मुलगा लोकल पकडून गेल्यावर नातवंडांचे खाणे, पिणे, शाळेत नेणे, आणणे, सगळे आजीच्या अंगावर पडते. ती दिवसभर मुलांबरोबरच असते. तिला पिढ्या जोडण्याचा उपदेश कोणी करू नये. तिला दोन तास मोकळे मिळाले आणि त्या वेळात तिला स्वतःच्या आवडीचे काही करता आले, तर ते तिच्या दृष्टीने मोठे काम. त्याचप्रमाणे अंगणवाडी सेविकेचे काम स्वयंसेवक आजीबाईंकडून करवून घेऊन सेविकेचे मानधन मारू नये. ह्या सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केले आहे. तो हक्क त्यांनी फार वाट पाहून मिळवला आहे.

तिसरी गोष्ट: जागेची. एखाद्या गटाची बैठक दुसऱ्या मजल्यावर असेल तर गुडघे दुखणारा माणूस येणार नाही. देवळाच्या ओट्यावर असेल तर ज्यांना पूर्वी तिथे मज्जाव होता त्यांची पावले आजही अडखळतील. शाळेची तळमजल्यावरची खोली, पिण्याचे पाणी, मुतारी आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी पोचण्याची सोय, एवढे झाले की निम्मे काम झाले.

चौथी गोष्ट: तरुणाच्या वेळेची. कर्जतचा तरुण आठवड्यातले सहा दिवस गाडीत आणि कामात घालवतो. सातव्या दिवशी त्याने गावकामाला यावे असे वाटत असेल, तर त्याला महिन्यातून दोनच रविवार मागावेत आणि तेही दोन तासांपुरते. जास्त मागितले तर तो पहिल्याच महिन्यात येणे सोडील, आणि मग त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही.

समारोप

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झाली. आज गावोगाव भरणाऱ्या व्याख्यानमालांत श्रोत्यांचे केस बहुधा पांढरे असतात, आणि तरुण मुले खुर्च्या मांडायला व ध्वनिक्षेपक लावायला येतात. ती मुले बाहेरच उभी राहतात, अशी खंत आपण दरवर्षी करतो. त्याऐवजी पुढच्या वर्षी त्या मुलांपैकी चौघांना आणि श्रोत्यांपैकी चौघांना मिळून एक संध्याकाळ सोपवून पाहावी. विषय त्यांनी ठरवावा, माहिती त्यांनी गोळा करावी, आणि बोलायला दोघांनी उभे राहावे, एक सत्तरीचा आणि एक विशीचा. व्याख्यान कसे होईल ते सांगता येत नाही. पण ते आठजण तयारीसाठी सहा महिने एकमेकांच्या घरी जात-येत राहतील. त्यांतला एखादा आजारी पडला तर उरलेले सात त्याच्या दारात उभे राहतील, हे मात्र आम्ही आमच्या संघटनेच्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकतो.

खर्च फारसा नाही. एक खोली, एक वही, चहाची किटली आणि ठरलेला वार. ज्यांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांनी मोठी सभा बोलावू नये, समिती नेमू नये. पाच माणसे जमवावीत. त्यांत दोन साठीच्या पुढची आणि दोन पंचविशीच्या आतली असावीत; पाचवी कोणत्याही वयाची चालेल, फक्त खोलीची किल्ली तिच्याकडे असावी आणि ती वेळेवर येणारी असावी.